‘शोध’ आणि ‘दावा’ : एमएच ३७० विमानाच्या स्थाननिश्चितीच्या वादाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत ‘शोध’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. आपण एखाद्या गोष्टीचा शोध घेतो आणि एखाद्या गोष्टीचा शोध लागतो. पहिला अर्थ प्रयत्नाचा, दुसरा प्राप्तीचा. क्रियापद गाळले की दोन्हींतील अंतर पुसले जाते. बेपत्ता विमानांविषयीच्या वृत्तांचे मथळे याच संदिग्धतेवर उभे असतात. ‘विमानाचा शोध’ असे म्हटले की ते सापडले की कोणी ते पाहतो आहे, हे वाचकाने ठरवायचे. फार तर शेवटी एक प्रश्नचिन्ह असते. मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० या विमानाविषयी २०१४ पासून जे दावे पुढे आले, त्यांचे वाचन करताना ही संदिग्धता केवळ शब्दांपुरती नाही, ती पुराव्याच्या मांडणीतही शिरलेली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विमान का व कसे नाहीसे झाले, वैमानिकाचा हेतू काय होता, हे प्रश्न या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. मलेशियाच्या तपास पथकाने जुलै २०१८ मधील अहवालात कारण निश्चित करता येत नसल्याचे नमूद केले आहे, आणि कारणाविषयीच्या चर्चेत मृतांवर आरोप करण्याची जी घाई दिसते तिच्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. येथे प्रश्न मर्यादित आहे : ‘विमान अमुक ठिकाणी आहे’ असे विधान जेव्हा केले जाते, तेव्हा त्या विधानाचे मूल्य कशावर ठरवावे?

उपग्रहाने नेमके काय सांगितले

८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेल्या या बोइंग ७७७ विमानात २२७ प्रवासी व १२ कर्मचारी होते. प्रवाशांत निम्म्याहून अधिक चिनी नागरिक होते; पाच भारतीयही होते. स्थानिक वेळेनुसार १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचे शेवटचे शब्द ऐकू आले आणि दोनच मिनिटांत विमान नागरी रडारच्या पडद्यावरून नाहीसे झाले. लष्करी रडारवरील नोंदींनुसार ते उलट वळून मलेशियाचे द्वीपकल्प ओलांडून गेले व २ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास अंदमान समुद्राच्या दिशेने दिसेनासे झाले. यापुढची सर्व माहिती एकाच स्रोतावर अवलंबून आहे, आणि तो स्रोत स्थान सांगण्यासाठी निर्माणच झालेला नव्हता.

इनमारसॅट या कंपनीचा उपग्रह हिंदी महासागरावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर होता. विमानातील दळणवळण यंत्रणा चालू आहे की नाही एवढेच पाहण्यासाठी भूस्थानक तिला साधारण तासाला एकदा साद घालीत असे व यंत्रणा प्रतिसाद देत असे. या प्रतिसादाला लागलेल्या वेळेवरून उपग्रह व विमान यांतील अंतर काढता येते. एखाद्या बिंदूपासून समान अंतरावरील सर्व ठिकाणे पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक वर्तुळ काढतात. विमानाचा वेग व इंधन लक्षात घेता त्या वर्तुळाचा काही भागच संभाव्य उरतो. अशा रीतीने सात कंस मिळाले. शेवटचा, म्हणजे सातवा कंस सकाळी ८ वाजून १९ मिनिटांचा आहे. प्रतिसादाच्या वारंवारतेतील सूक्ष्म फरकावरून विमान उत्तरेकडे नव्हे, दक्षिणेकडे गेले, हेही ठरवता आले. २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी उड्डाणाचा शेवट हिंदी महासागराच्या दक्षिण भागात झाल्याचे जाहीर केले, ते याच आधारावर.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. उपग्रहाने बिंदू दिला नाही. त्याने कंस दिला. विमान त्या रेषेच्या आसपास कोठे तरी आहे हे तो पुष्कळ खात्रीने सांगतो, पण रेषेवर नेमके कोठे, हे सांगत नाही. त्यासाठी विमानाचा वेग, दिशा, वळणे, वारे यांविषयी गृहीतके करावी लागतात. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण विज्ञान विभागाने संभाव्यतेच्या गणिताने असंख्य कल्पित मार्ग तपासून कंसाचा कोणता भाग अधिक संभवनीय, याचे वाटप मांडले. हेही विधानच आहे, दावाच आहे. मात्र त्याचे स्वरूप ‘येथे आहे’ असे नसून ‘येथे असण्याची शक्यता इतकी, तेथे तितकी’ असे आहे.

अधिकृत दावाही चुकतो

अशास्त्रीय दावे बाहेरचे लोक करतात आणि शासकीय यंत्रणा संयमाने वागते, असे सोयीस्कर चित्र उभे करता येईल. वस्तुस्थिती तशी नाही. १२ मार्च २०१४ रोजी चीनच्या शासकीय संस्थेने दक्षिण चीन समुद्रातील तरंगत्या वस्तूंची उपग्रहचित्रे प्रसिद्ध केली. तेथे काही आढळले नाही आणि चित्रे चुकून प्रसिद्ध झाल्याचे नंतर सांगण्यात आले.

याहून बोधप्रद प्रसंग एप्रिल २०१४ मधला आहे. विमानाच्या ब्लॅक बॉक्सला जोडलेला ध्वनिसंकेतक तेव्हा पाण्यात सुमारे तीस दिवस चालत असे. ही मुदत संपण्याच्या बेतात असताना, ५ ते ८ एप्रिलच्या दरम्यान, ‘ओशन शील्ड’ या ऑस्ट्रेलियन जहाजाने ओढलेल्या उपकरणाने काही ध्वनिसंकेत टिपले. संकेतकाची वारंवारता ३७.५ किलोहर्ट्झ असते. टिपलेले काही संकेत ३३.३ किलोहर्ट्झच्या आसपास होते. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता, तरी तो खोल पाण्यातील दाब, क्षीण होत चाललेली बॅटरी अशा कारणांनी समजावून घेण्यात आला. ११ एप्रिलला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ब्लॅक बॉक्सचे स्थान काही किलोमीटरच्या आत कळले असल्याचा विश्वास बोलून दाखवला. स्वयंचलित पाणबुडीने सुमारे ८५० चौरस किलोमीटर तळ तपासला. २९ मे रोजी ते क्षेत्र बाद ठरवण्यात आले. संकेत शोधजहाजाच्या किंवा उपकरणाच्याच ध्वनीतून आले असावेत, ही शक्यता तेव्हा बोलली गेली. विमानातील दोनपैकी एका संकेतकाच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच उलटून गेली होती, हे मार्च २०१५ च्या अंतरिम अहवालातून पुढे आले.

या प्रसंगात दोष उपकरणाचा म्हणता येणार नाही. ज्या क्षणी ऐकू येण्याची सर्वाधिक निकड होती त्याच क्षणी ऐकू आले. आणि विसंगत वारंवारतेला दावा नाकारण्याचे कारण न मानता स्पष्टीकरण मागणारी अडचण मानण्यात आले. पुढील सर्व दाव्यांत हीच हालचाल निरनिराळ्या वेषांत दिसते. तरीही या अधिकृत चुकीला एक गुण होता : ती सात आठवड्यांत तपासली गेली व मोकळेपणे मागे घेतली गेली.

बंगालच्या उपसागरातील दावा

त्याच एप्रिलच्या अखेरीस अ‍ॅडिलेड येथील जिओरेझोनन्स या कंपनीने बांगलादेशच्या किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटर दक्षिणेस समुद्रतळावर विमानाच्या धातूंशी जुळणारी खूण आढळल्याचे सांगितले. बांगलादेशच्या नौदलाने जहाजे पाठवली. काही मिळाले नाही. उपग्रहचित्रांवरून खोल पाण्याखालील धातू कसे ओळखले, याचे स्वतंत्रपणे पडताळता येईल असे विवरण पुढे आले नाही. शिवाय हे ठिकाण सातव्या कंसापासून हजारो किलोमीटर दूर होते. म्हणजे दावा खरा मानायचा तर उपग्रहाच्या नोंदी पूर्णतः चुकीच्या ठरतात. त्या का चुकल्या हे सांगण्याची जबाबदारी दावेदाराची होती. ती घेतली गेली नाही. कंपनीची भाषा मात्र पाहण्याजोगी आहे : हे एमएच ३७० च आहे असे आम्ही म्हणत नाही, पण तपासून पाहावे, असा तिचा आशय होता. दाव्याचे श्रेय हवे पण दाव्याची जोखीम नको, अशी ही वाक्यरचना आहे.

२०१८ मध्ये कंबोडियाच्या जंगलात गूगलच्या उपग्रहनकाशावर विमानाची आकृती दिसल्याचा दावा झाला, त्यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. उडते विमान उपग्रहाच्या कॅमेऱ्यात सापडते आणि खालच्या झाडांवर निजलेले दिसते, इतकेच.

तीन दशांश स्थळांची ‘अचूकता’

२०२१ मध्ये ब्रिटिश अभियंते रिचर्ड गॉडफ्री यांनी मांडलेल्या दाव्याचा दर्जा याहून वेगळा आहे व म्हणून त्याची चिकित्साही अधिक गांभीर्याने करावी लागते. जगभरातील हौशी रेडिओचालक अत्यल्प शक्तीचे लघुलहरी संकेत प्रक्षेपित करतात व ते कोठे, किती क्षीण होऊन पोहोचले याची नोंद एका सार्वजनिक संग्रहात होते. ‘डब्ल्यूएसपीआर’ या नावाने ती व्यवस्था ओळखली जाते. गॉडफ्री यांचे म्हणणे असे की या संकेतांच्या मार्गात विमान आले तर नोंदींत विक्षोभ दिसतो. पृथ्वीभर पसरलेल्या अशा अदृश्य तारांना विमान कोठे कोठे स्पर्शून गेले ते पाहून त्याचा मार्ग काढता येतो. यावरून त्यांनी ३३.१७७ अंश दक्षिण, ९५.३०० अंश पूर्व हे स्थान दिले व भोवती ४० सागरी मैलांच्या त्रिज्येचे क्षेत्र सुचवले.

कल्पना मोहक आहे. पण हजारो किलोमीटर जाणारा लघुलहरी संकेत आयनांबर व भूपृष्ठ यांच्यामध्ये अनेकदा परावर्तित होत जातो. आयनांबराची अवस्था मिनिटामिनिटाला बदलते. त्या बदलाने होणाऱ्या चढउतारापुढे एका विमानाने विखुरलेला अंश नगण्य असतो. ही व्यवस्था ज्यांनी निर्माण केली ते नोबेल पारितोषिकप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनीच, तिच्या जुन्या नोंदींवरून विमानाचा माग काढता येईल ही कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. निर्मात्याचे मत म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. तथापि दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नोंदी असंख्य आहेत आणि त्यांत विक्षोभही असंख्य आहेत; अशा वेळी जवळजवळ कोणत्याही कल्पित मार्गाला अनुकूल असे काही विक्षोभ निवडता येतात. पद्धत इतर विमानांवर तपासल्याचे दावेदार सांगतात. परंतु ज्या विमानाचा मार्ग दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे आणि विश्लेषकाला मुळीच नाही, अशा विमानांवर, निकष आधी बांधून घेऊन, यश आणि अपयश दोन्ही मोजणारी चाचणीच येथे निर्णायक ठरेल. ती दाव्याच्या आधी यायला हवी होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये याच पद्धतीने, सहकाऱ्यांसह तयार केलेल्या विस्तृत अहवालात नवे स्थान आले : २९.१२८ अंश दक्षिण, ९९.९३४ अंश पूर्व, भोवती ३० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ. दोन्ही बिंदू नकाशावर मांडून पाहावेत. त्यांच्यात सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. पहिले वर्तुळ सुमारे ७४ किलोमीटर त्रिज्येचे, दुसरे ३० किलोमीटरचे. ती एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. मत बदलणे हा संशोधनात दोष नाही, उलट तो गुण आहे. परंतु दुसरे वर्तुळ बरोबर असेल तर पहिल्याची त्रुटिमर्यादा सुमारे आठपटींनी कमी सांगितली गेली होती, आणि दुसऱ्याची मर्यादा त्याहूनही लहान का मानावी, याचे उत्तर वाचकाला हवे असते. अक्षांशाच्या तिसऱ्या दशांश स्थळाला भूमीवर सुमारे १११ मीटरचा अर्थ आहे. मराठीत आपण अशा आकड्याला ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो. तो सूक्ष्म आहे, एवढेच म्हणता येईल. सूक्ष्म असणे आणि न चुकणे यांसाठी एकच शब्द वापरण्याची आपली सवय येथे महागात पडते.

आणखी एक निरीक्षण. दोन्ही बिंदू सातव्या कंसाच्या परिसरात आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये टास्मानियातील संशोधक व्हिन्सेंट लाइन यांनी ब्रोकन रिज या सागरी पर्वतरांगेच्या पूर्व टोकाजवळील सुमारे ६,००० मीटर खोल गर्तेचा निर्देश केला. पेनांग विमानतळाचे रेखांश आणि वैमानिकाच्या घरातील उड्डाण-सादृश्यकावर आढळलेला मार्ग यांचा छेद त्यांनी आधारास घेतला. तेही ठिकाण दक्षिण हिंदी महासागरातीलच. नव्या दाव्यांना जी विश्वसनीयता लाभते तिच्यातला मोठा वाटा असा उपग्रहाच्या नोंदींकडून उसना घेतलेला असतो. समीक्षकाने हा उसना भाग वजा करून विचारावे : कंस माहीत नसता, तर केवळ या पद्धतीने हे ठिकाण निघाले असते काय?

बिंदूची मागणी कोणी केली?

मग असे बिंदू वारंवार का पुढे येतात? प्रसिद्धीची हौस हे उत्तर वरवरचे आहे, आणि सर्वांच्या बाबतीत न्याय्यही नाही. हौशी माणसांनी या प्रकरणात मोलाची भर घातलेली आहे. मोझांबिकच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये विमानाचा तुकडा शोधणारा गृहस्थ व्यवसायाने वकील होता. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे एक कारण शासकीय निर्णयांतच आहे. २२ जुलै २०१६ रोजी मलेशिया, ऑस्ट्रेलिया व चीन यांच्या मंत्र्यांनी ठरवले की निश्चित केलेले १,२०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र तपासून झाल्यावर, विमानाचे विशिष्ट स्थान दाखवणारा विश्वासार्ह नवा पुरावा नसेल तर शोधकार्य स्थगित करावे. खर्चाचा विचार करता ही अट समजण्यासारखी होती. पण तिने पुराव्याचे रूपच ठरवून टाकले. यापुढे मान मिळणार तो बिंदूला.

याची प्रचीती लगेच आली. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर विमानाच्या पंखाचा ‘फ्लॅपेरॉन’ हा भाग सापडला होता, पुढे पेम्बा, मॉरिशस व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इतर तुकडे मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने सागरी प्रवाहांचा अभ्यास करून हे तुकडे कोठून निघाले असतील याचा विचार केला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर काहीच का आले नाही, हेही तिने पुरावा म्हणून मोजले. न सापडण्याला असे वजन देणारा हा युक्तिवाद सर्व दाव्यांत उजवा आहे. याच्या आधारे २०१६ च्या अखेरीस तज्ज्ञांच्या बैठकीने तपासलेल्या क्षेत्राच्या उत्तरेला आणखी सुमारे २५,००० चौरस किलोमीटर शोधण्याची शिफारस केली. ऑस्ट्रेलियाच्या संबंधित मंत्र्यांनी, अहवाल विमानाचे विशिष्ट स्थान सांगत नाही, असे म्हणून ती अटीत बसत नसल्याचे सूचित केले. १७ जानेवारी २०१७ रोजी शोध स्थगित झाला. प्रामाणिकपणे आपली अनिश्चितता सांगणारा अभ्यास याप्रमाणे अपात्र ठरला. दशांश स्थळे देणारा दावा निदान अर्जाच्या नमुन्यात तरी बसत होता.

येथे एक प्रतिवाद संभवतो, आणि तो टाळता येणार नाही. ओशन इन्फिनिटी या कंपनीने जानेवारी ते मे २०१८ या काळात, सापडले तरच मोबदला या अटीवर, १,१२,००० चौरस किलोमीटरांहून अधिक तळ तपासला. त्यात शिफारस केलेले क्षेत्रही आले. विमान मिळाले नाही. मग संयमी दावाही चुकलाच ना? चुकला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो चुकल्याने काही शिल्लक उरले. शक्यतांचे वाटप करणारे विधान अपयशानंतर दुरुस्त होते : तपासलेल्या भागातील वजन काढून उरलेल्या भागावर द्यायचे असते. बिंदू खोटा ठरला की त्यातून पुढचे काही निघत नाही, दावेदार फक्त दुसरा बिंदू देतो.

एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. १ जून २००९ रोजी ते अटलांटिक महासागरात कोसळले. काही दिवसांतच अवशेष तरंगताना दिसले, तरी मूळ सांगाडा दोन वर्षे मिळाला नाही. २०१० मध्ये फ्रेंच नौदलाने पाणबुडीच्या ध्वनिमुद्रणांचे पुन्हा विश्लेषण करून संकेतकाचा आवाज असल्याचे क्षेत्र दाखवले. शोध तिकडे वळला, पण व्यर्थ गेला. पुढे मेट्रॉन या संस्थेच्या गणितज्ञांनी सर्व अयशस्वी शोध हिशेबात घेतले आणि दोन्ही संकेतक मुळात वाजलेच नसावेत ही शक्यताही धरली. त्यामुळे आधी ‘तपासलेले’ म्हणून सोडलेले क्षेत्र पुन्हा संभवनीय ठरले. एप्रिल २०११ च्या आरंभी, नवा शोध सुरू झाल्यापासून साधारण आठवडाभरात, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर सांगाडा सापडला. विमानाचे शेवटचे ज्ञात स्थान तेथून फार दूर नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण प्रवासी विमानाचे नाही, तरी नोंदवावेसे वाटते. भारतीय हवाई दलाचे एएन-३२ हे वाहतूक विमान २९ जणांसह २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळील तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. जानेवारी २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले की राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर टिपलेल्या प्रतिमा या विमानाच्या अवशेषांशी जुळतात. आधी छायाचित्रे आली, त्यांची छाननी झाली आणि मग निवेदन आले.

या चर्चेत एमएच ३७० मधील प्रवाशांचे नातेवाईक कोठे बसतात? २९ जानेवारी २०१५ रोजी मलेशियाने हा अपघात असल्याचे आणि सर्व प्रवासी मृत झाल्याचे मानण्यात येत असल्याचे घोषित केले. देह नाही, स्थळ नाही, केवळ घोषणा. अशा कुटुंबासमोर जो तीन दशांश स्थळांचा आकडा ठेवतो, तो त्यांना जवळजवळ स्मशानभूमीचा पत्ताच देत असतो. त्या पत्त्यावर सरकारने जावे म्हणून तीच माणसे मग निवेदने देतात, मंत्र्यांच्या भेटी घेतात. दाव्याच्या त्रुटिमर्यादेची चर्चा तांत्रिक वाटते. मात्र ती मर्यादा लपवल्याची किंमत दावेदार मोजत नाही.

मलेशिया सरकारने मार्च २०२५ मध्ये ओशन इन्फिनिटीशी पुन्हा सापडले तरच मोबदला, म्हणजे ७ कोटी डॉलर, या अटीवरील कराराला मान्यता दिली. हवामान प्रतिकूल झाल्याने एप्रिलमध्ये काम थांबले आणि ३० डिसेंबर २०२५ पासून ते पुढे चालू करण्याचे जाहीर झाले. या वेळी सरकारने सांगितलेली गोष्ट बिंदू नाही. सुमारे १५,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र आहे, आणि ते निवडण्याचे कारण म्हणून दिलेले शब्द ‘सर्वाधिक शक्यता’ असे आहेत.